शाळेबाहेरची पुस्तके आणि ती हातोहात नेणाऱ्या आया



‘अनस्कूलिंग’ हा शब्द आता आपल्याकडच्या तरुण आयांच्या बोलण्यात येऊ लागला आहे. होमस्कूलिंग म्हणजे घरातच शाळा. वेळापत्रक, पाठ्यपुस्तक, परीक्षा सगळे तेच, फक्त बाकाऐवजी जेवणाचे टेबल. अनस्कूलिंगमध्ये तेही नसते. मूल ज्याच्या मागे लागेल ते त्याला मनसोक्त करू द्यायचे आणि वाचन, हिशोब, भूगोल त्यातूनच येईल असा भरवसा ठेवायचा. हे पटण्याजोगे आहे की नाही, त्याबद्दल पुढे बोलूच. आधी या विचाराची पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात कशी गेली ते सांगते. मोठ्या प्रकाशकांनी आणि दुकानांनी त्यात थोडेच केले. बरेचसे काम पत्र लिहिणाऱ्या, वर्गणी वाटून घेणाऱ्या आणि वाचलेले दुसरीला ऐकवणाऱ्या बायकांचे आहे.

सुरुवात मात्र एका पुरुषापासून होते. अमेरिकेतले जॉन होल्ट. जन्म १९२३ चा, दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर अधिकारी, नंतर पाचवीच्या मुलांचे शिक्षक. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. वर्गात मुले का हरतात हे पाहून त्यांनी १९६४ साली ‘हाउ चिल्ड्रन फेल’ लिहिले आणि ते खूप गाजले. दहाएक वर्षे ते शाळा सुधारा म्हणून व्याख्याने देत फिरले. पुढे त्यांची खात्री झाली की शाळांना सुधारायचेच नाही. १९७६ च्या ‘इन्स्टेड ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात त्यांनी मुलांना शाळेतून गुपचूप बाहेर काढण्याच्या वाटेबद्दल लिहिले. त्यावर आईवडिलांची पत्रे येऊ लागली, की आम्ही तर हे केव्हापासून करतो आहोत, फक्त कुणाला सांगत नाही.

न सांगण्याला कारण होते. तेव्हा अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत मूल घरी ठेवणे बेकायदा होते किंवा कायदा गोलमाल होता. शेजाऱ्याने तक्रार केली की शाळेचा अधिकारी दारात, आणि पुढे कोर्ट. सगळ्या ५० राज्यांत याला कायद्याची परवानगी मिळायला १९९३ उजाडले.

या लपलेल्या घरांना एकमेकांची ओळख व्हावी म्हणून होल्ट यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये बोस्टनहून स्वतःच एक छोटे पत्रक काढले, ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’. वर्षाला सहा अंक. ‘अनस्कूलिंग’ हा शब्दही याच पत्रकातून रुळला. पानेच्या पाने वाचकांच्या पत्रांनी भरलेली असत. मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत वाचायला शिकला नाही, मग एकदम कसा वाचू लागला. अधिकाऱ्याला काय उत्तर दिले. सासूसासऱ्यांना कसे समजावले. पत्रे लिहिणाऱ्यांत आया पुष्कळ होत्या. होल्ट त्यांना उत्तरे देत, मधूनमधून आपली टिप्पणी घालत.

मला सगळ्यात आवडते ती त्यांची वर्गणीची पद्धत. चार घरांनी मिळून एकाच पत्त्यावर जास्त प्रती मागवल्या तर प्रत्येकीला अंक स्वस्त पडे. म्हणजे महिन्याआड चौघींना एकमेकींच्या दारात जावेच लागे. भिशी लावणाऱ्या आपल्या बायकांना यातली खुबी वेगळी सांगायला नको. शिवाय ज्या कुटुंबांची हरकत नसेल त्यांची नावे-पत्ते पत्रकात छापले जात, म्हणजे परगावी बदली झाली तरी तिथे ओळखीचे दार असे.

१९७८ च्या सुमारास होल्ट टीव्हीवर फिल डोनाह्यू यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात आले आणि हजारोंनी पत्रे आली. दिवसा घरकाम करता करता टीव्ही ऐकणाऱ्या गृहिणींचाच तो कार्यक्रम. १९८१ साली होल्ट यांचे ‘टीच युवर ओन’ निघाले, तेही याच पत्रांवर उभे आहे. मुखपृष्ठावर होल्ट यांचे नाव आणि आत कितीतरी घरांतली पत्रे. ज्याला स्वतःचे मूल नव्हते त्याने मुलांबद्दल इतके खरे कसे लिहिले, याचे उत्तर मला तरी या पत्रांत दिसते. १९८५ मध्ये ते गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रक २००१ पर्यंत चालवले, एकूण १४३ अंक.

होल्ट वाचून नोकरी सोडलेल्या शिक्षकांत ग्रेस ल्युवेलिन होत्या. इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी १९९१ साली ओरेगन राज्यातल्या यूजीन गावातून ‘द टीनेज लिबरेशन हँडबुक’ काढले. प्रकाशनसंस्था त्यांची स्वतःचीच, लाउरी हाउस नावाची. हे पुस्तक थेट तेराचौदा वर्षांच्या मुलामुलींना उद्देशून आहे. शाळा कशी सोडायची, आईवडिलांना कसे पटवायचे, मग दिवसभर काय करायचे, कॉलेजात कसे जायचे, सगळे सविस्तर. आई म्हणून वाचताना पहिली काही पाने घशाखाली उतरत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पण ते वाचून अनेक मुलांनी आईच्या हातात आणून ठेवले आणि वाच म्हणाली. आपल्याकडे मुलाने आईला पुस्तक वाचायला देणे अजून तितकेसे होत नाही.

पुढे छापणे आणखी सोपे झाले. मागणी येईल तेवढ्याच प्रती छापायची सोय आल्यावर न्यू मेक्सिकोतल्या सँड्रा डॉड यांनी २००९ मध्ये ‘द बिग बुक ऑफ अनस्कूलिंग’ अशीच काढली. कॅनडातल्या पॅम लारिक्किया यांची तीन मुले २००२ साली शाळेबाहेर पडली. २०१२ मध्ये त्यांनी ‘फ्री टू लर्न’ हे छोटे पुस्तक स्वतः प्रकाशित केले, आणि २०१६ पासून पॉडकास्टवर इतर आईवडिलांशी गप्पा मारून त्या ऐकवू लागल्या. भांडी घासताना, पोळ्या लाटताना कानात घालून ऐकणाऱ्या आयांना पुस्तक उघडायची फुरसत नव्हती, त्या अशा जोडल्या गेल्या.

ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या शब्दाकडे पाहा. श्राविका म्हणजे ऐकणारी. एकीने शास्त्र वाचायचे आणि दहाजणींनी ऐकायचे, ही आपली जुनी रीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आज्यांनाही पुराणातल्या कथा क्रमाने पाठ होत्या. आणि पुस्तक वाटण्याचे म्हणाल तर दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती हाताने लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना नाही, ताडपत्रावर एकेक अक्षर! तिला दानचिंतामणी म्हणत. म्हणून स्वखर्चाने पुस्तक काढून वाटणाऱ्या परदेशी बायांचे मला फार अप्रूप वाटत नाही, ओळखीचे वाटते.

आमच्या मंडळात आम्ही वाचतो आहोत ते पुस्तक मात्र परदेशातले नाही. गोव्याच्या राहुल अल्वारिस यांचे ‘फ्री फ्रॉम स्कूल’. आईवडील नॉर्मा आणि क्लॉड अल्वारिस, दोघेही पर्यावरणाच्या कामासाठी प्रसिद्ध. १९९५ साली राहुल दहावी झाला तेव्हा त्यांनीच त्याला एक वर्ष शाळाकॉलेजविना घालवू दिले. त्या वर्षाची हकीकत त्याने लिहिली आणि ती म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने, म्हणजे वडिलांच्याच प्रकाशनाने, छापली. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी ते आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवले, म्हणून ते आमच्यापर्यंत आले.

इंग्रजी साधे आहे. मी एकेक प्रकरण वाचते आणि तिथल्या तिथे मराठीत सांगते. ज्यांना यायला जमत नाही त्यांना फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते. मुलगा रंगीत माशांच्या दुकानात काम करतो, भाताची लावणी करतो, मद्रासला गांडुळांचा अभ्यास करतो, मगरींच्या केंद्रात राहतो. आळंबी पिकवण्याचे प्रकरण आहे, ते मी गाळले नाही. आपण खात नाही, पण ऐकायला हरकत कसली. आणि तो आपल्या पुण्याच्या सर्पोद्यानात येतो, नीलिमकुमार खैरे यांच्याकडे. हेच खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. साप दिसला की काठी शोधायची, एवढेच ज्यांना ठाऊक होते त्या बायका या भागाला अगदी गप्प बसून ऐकत होत्या. सापाला न मारता उचलून दूर सोडणे ही अहिंसा आपल्या तोंडी जास्त आणि हाती कमी आहे, असे एकजण म्हणालीही.

पण सत्तरी उलटलेल्या एका काकूंनी मध्येच मला थांबवले. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती, सोळाव्या वर्षी लग्न. त्या म्हणाल्या, “माझीपण शाळा सुटली. मला कुणी साप बघायला पाठवलं नाही. मला भाकऱ्या थापायला बसवलं.”

यावर काय बोलणार? होल्ट आणि ल्युवेलिन यांच्या पुस्तकांत ज्या शाळेतून सुटायचे आहे, ती शाळा आपल्या बायकांना मिळावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी केवढी खटपट झाली. मगनबेन लहान वयात विधवा झाल्या, वडील माणिकचंद शेटजींनी त्यांना शिकवले, आणि मग त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम काढला. सोलापुरात सुमतीबाई शहांनी आयुष्य घातले. मगनबेन घरात शिकल्या, पण शिकून बाहेर पडल्या ते दुसरींसाठी शाळा उभी करायला. शाळा नको म्हणणे ज्याला परवडते त्याच्या घरात पुस्तके असतात, इंग्रजी असते, आणि मुलाला मद्रासला एकटे पाठवायचे पैसे असतात. अल्वारिसांच्या घरी ते होते. राहुल दहावी पास होऊन बाहेर पडला होता, हेही मी दोनदा सांगितले.

ज्या तरुण मैत्रिणी मुलाला पहिलीतच घालायचे नाही म्हणतात, त्यांनी कायदाही पाहून ठेवावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. न केल्यास शिक्षा काय, ते कायद्यात लिहिलेले नाही. अनेक घरे मुक्त शाळेतून दहावीला बसवण्याचा मार्ग धरतात.

मी स्वतः मुलींच्या बाबतीत फार सावध आहे. एखाद्या घरात मुलगा शाळेत आणि मुलगी मात्र ‘अनस्कूलिंग’मध्ये असेल, तर तिथे काय चालले आहे ते डोळे उघडे ठेवून बघायला हवे. सुट्टीचे, सणाचे, दहावीनंतरचे वर्ष मात्र राहुलसारखे द्यायला मी तयार आहे, मुलीलासुद्धा, आधी तिला.

काकू पुढच्या आठवड्यातही आल्या. मगरींचे प्रकरण राहिले आहे ना, म्हणाल्या. त्या दिवसाचा आवाज ज्यांना हवा असेल त्यांनी मंगळवारपर्यंत कळवावे. छापील प्रत सध्या दोन गल्ल्या सोडून एकीच्या घरी आहे, तिच्या मुलाचे वाचून झाले की पुढच्या नावाला जाईल. यादीत तूर्त सहा नावे आहेत.