स्टॅटिनजन्य स्नायुदुखी

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन वर्गातील औषधांमुळे होणारी स्नायूंची दुखी, ताठरपणा किंवा अशक्तपणा. मांड्या, पोटऱ्या व खांदे बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच दुखतात. तक्रार सहसा गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत उद्भवते.

इतिहास : आकिरा एन्दो यांनी टोकियोतील सांक्यो कंपनीत १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन शोधले. ओसाका येथे आकिरा यामामोतो यांनी १९७८ मध्ये ते कोलेस्टेरॉलचा तीव्र आनुवंशिक विकार असलेल्या १८ वर्षांच्या तरुणीला दिले, तेव्हा तिचे स्नायू दुबळे झाले. औषध थांबवल्यावर ती सुधारली व पुढे कमी मात्रेत उपचार चालू राहिले. सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायुपेशी फुटून झालेल्या मृत्यूंमुळे २००१ मध्ये मागे घेतले गेले.

कारणे : पूर्णपणे उलगडलेली नाहीत. एसएलसीओ१बी१ जनुकातील एका फरकाने सिम्व्हास्टॅटिनचा धोका वाढतो. थायरॉइडची कमतरता, उतारवय, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधे व ग्रेपफ्रूटचा रस यांनीही तो वाढू शकतो.

प्रमाण : वेदना खरी असते, ती गोळीमुळेच आहे का, हा प्रश्न आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ‘सॅमसन’ चाचणीत (२०२०) त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात चार महिने ॲटोर्व्हास्टॅटिन, चार महिने हुबेहूब दिसणारी औषधहीन गोळी दिली व चार महिने काहीच दिले नाही. महिन्यांचा क्रम सरमिसळ होता. त्रासाचे सरासरी गुण अनुक्रमे १६.३, १५.४ व ८.० आले. म्हणजे नुसती गोळी घेतल्यानेच बहुतेक त्रास उभा राहिला होता. आपले आकडे पाहिल्यावर निम्म्या जणांनी औषध पुन्हा सुरू केले. या चाचणीचे सर्वांत मोलाचे फलित हेच. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या १९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली. नेहमीच्या वैद्यकीय व्यवहारात हे प्रमाण अधिक दिसते, असे काही चिकित्सक मानतात.

निदान व उपचार : रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासतात. ते सामान्य कमाल पातळीच्या दहापटीवर गेल्यास औषध थांबवतात. लघवी चहासारखी गडद झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. सौम्य दुखीत डॉक्टर औषध काही आठवडे थांबवून, मग कमी मात्रा किंवा दुसरे स्टॅटिन देऊन पाहतात. हृदयविकार असलेल्याने गोळी परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

पर्यायी औषधे : एझेटिमाइब, बेम्पेडोइक आम्ल.