छाटणीचा ईमेल आणि देशाचा कायदा

20 जानेवारी 2023 रोजी गूगलने जगभरातील सुमारे 12,000 नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना ईमेल लगेच गेले. इतर देशांबद्दल मात्र कंपनीच्या प्रमुखांनी त्याच पत्रात म्हटले की, तिथले कायदे आणि रीत यांमुळे प्रक्रियेला जास्त वेळ लागेल. आपल्या तरुणांनी या एका वाक्यावर विचार करावा. मालक एक, निर्णय एक; मग एकाची नोकरी रातोरात आणि दुसऱ्याची काही महिन्यांनी का जाते? फरक कंपनीच्या दयेचा नाही, त्या त्या देशातल्या कायद्याचा आहे. आणि असा कायदा कुठेही फुकट मिळालेला नाही.

अमेरिकेत मालक बहुतेक नोकऱ्या कारण न देता संपवू शकतो. मोठ्या छाटणीआधी 60 दिवसांची सूचना देण्याचे बंधन आले तेही 1988 साली. जर्मनीत कामगारांनी निवडलेल्या समित्यांना 1920 मध्ये कायद्याची मान्यता मिळाली, हिटलरच्या राजवटीने त्या 1934 मध्ये मोडल्या, 1952 मध्ये त्या पुन्हा कायद्यात आल्या. आज तिथे जिथे अशी समिती आहे, तिथे तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय दिलेली बडतर्फी रद्दबातल ठरते. कोणाला आधी काढायचे हे ठरवताना नोकरीची वर्षे, वय, घरची जबाबदारी आणि अपंगत्व पाहावे लागते.

आपल्याकडे काय झाले? 1938 साली मुंबई सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक विवाद विधेयक आणले. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. विधेयक तरीही मंजूर झाले, पण प्रश्न कायमचा मांडला गेला: कायदा कोणाच्या बाजूने?

1947 चा औद्योगिक विवाद कायदा बाबासाहेबांनी केला असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. 1942 ते 1946 ते मजूर मंत्री होते. हा कायदा झाला तेव्हा ते खाते जगजीवन राम यांच्याकडे होते. बाबासाहेबांचे मोठेपण चुकीच्या श्रेयावर उभे नाही.

या कायद्यात 1953 साली भर पडली: वर्षभर काम केलेल्या कामगाराला काढायचे तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. 1976 साली मोठ्या कारखान्यांना छाटणीआधी सरकारची परवानगी सक्तीची झाली. म्हणूनच तळेगावच्या जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, तरी कंपनीला नुसते कुलूप लावून जाता आले नाही. तिला सरकारदरबारी जावे लागले आणि कामगार संघटना तिच्याशी भांडू शकली.

पण या परवानगीची अट फक्त कारखाने, खाणी आणि मळे यांना आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीला ती लागू नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कारखान्यांसाठीची मर्यादाही 100 कामगारांवरून 300 वर नेली. म्हणजे 250 कामगारांचा कारखाना आता परवानगीशिवाय छाटणी करू शकतो. मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपली, तर ती छाटणीच धरली जात नाही.

आणि त्याच इमारतीत झाडू मारणारे, संडास धुणारे, फाटकावर उभे राहणारे? ते कोणत्या समाजातून येतात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. कागदावर ते ठेकेदाराचे. कंपनीने एक मजला रिकामा केला की त्यांचेही काम जाते, पण कोणत्याही जाहीर आकड्यात ते मोजले जात नाहीत. छाटणीच्या चर्चेत फक्त इंजिनिअरचे दुःख दिसते, ते यामुळे.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली: कार्डावर 'मॅनेजर' छापले म्हणून कोणी कामगार राहत नाही असे नाही, न्यायालय प्रत्यक्ष काम पाहते. तुम्ही रोज काय काम करता याची नोंद ठेवा. दुसरी: छाटणीच्या वेळी 'राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगले देऊ' असे सांगितले जाते. स्वखुशीचा राजीनामा दिला की कायद्याच्या भाषेत ती छाटणीच उरत नाही आणि भरपाईचा हक्क धोक्यात येतो. सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका. तिसरी: संघटना करा, आणि तिच्यात ठेक्यावरच्या सफाई कामगाराला तुमच्या शेजारी खुर्ची द्या. तो बाहेर राहिला, तर मालकाने पाडलेली फूट आपणच पक्की करू.