भाग १४ : अड्यारची ठेव आणि तुतिकोरिनचं जहाज

मागच्या भागाखाली नागपूरच्या एका श्रोत्यानं विचारलं होतं, ‘बँका बुडाल्या की बोटींचं काय होतं?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना मी चेन्नईत पोचलो, म्हणून आजचा भाग अड्यारहून.

अड्यार म्हटलं की आपल्या लोकांना थिऑसॉफिकल सोसायटी आणि तिथला प्रचंड वड आठवतो. पण नदीच्या काठानं चाललात, तर मद्रासच्या जुन्या पैशाच्या खुणाही दिसतात. इंग्रज व्यापारी आणि अधिकारी दिवसभर बंदराजवळच्या पेढ्यांवर काम करायचे आणि राहायला नदीकडच्या बागबंगल्यांत यायचे. जवळच्याच आळवारपेटमध्ये दे मोंटे यांच्या नावाची वसाहत आहे. हल्ली ती भुताटकीच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. हे जॉन दे मोंटे म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पोर्तुगीज वंशाचे व्यापारी, आणि आर्बथनॉट पेढीतले एकेकाळचे भागीदार. भुतं बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे ती पेढी.

पॅरी, बिन्नी आणि आर्बथनॉट ही मद्रासची तीन मोठी इंग्रज घराणी. आर्बथनॉट व्यापार करायची, एजन्सी चालवायची आणि लोकांच्या ठेवीही घ्यायची, तेही बँक ऑफ मद्रासपेक्षा जास्त व्याजानं. त्यामुळे वकील, पेन्शनर, विधवा, देवस्थानं, सगळ्यांनी तिथं पैसे ठेवले. सरकारी नव्हे, पण सरकारसारखीच भक्कम, असा तिचा लौकिक होता. मालक सर जॉर्ज आर्बथनॉट गव्हर्नरच्या पंगतीला बसणारा माणूस. ठेवी मद्रासच्या, पण पैसा खेळत होता लंडनमध्ये, भागीदार पॅट्रिक मॅकफेडियन यांच्या हातून, सट्ट्यात. २० ऑक्टोबर १९०६ ला मॅकफेडियन यांनी लंडनमध्ये रेल्वेखाली जीव दिला. सोमवारी, २२ तारखेला, मद्रासच्या पेढीचे दरवाजे बंद झाले. सर जॉर्ज यांच्यावर खटला चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हजारो घरांची पुंजी गेली.

आता ही तारीख लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर दक्षिणेला तुतिकोरिनला चला. पेढी बुडण्याच्या बरोबर सहा दिवस आधी, १६ ऑक्टोबर १९०६ ला, स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली होती. संस्थापक व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले, व्यवसायानं वकील, मनानं टिळकांचे अनुयायी. तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. ती मोडायची, हा हेतू. भांडवल दहा लाख रुपये, पंचवीस रुपयांचे चाळीस हजार शेअर.

बोट ही दुकानासारखी हळूहळू वाढवता येत नाही. पहिला प्रवासी चढण्याआधी सगळी रक्कम टाकावी लागते. म्हणून जहाजाचा धंदा जगभर उधारीवर चालतो. बोट हेच तारण. धंदा तेजीत असला की बोटीची किंमत वाढते आणि सावकार हात सैल सोडतो. मंदी आली की भाडं आणि बोटीची किंमत एकदमच कोसळतात, म्हणजे ज्या दिवशी हप्ता भरता येत नाही त्याच दिवशी तारणही पुरत नाही. २००८ मध्ये आपण हे पाहिलं. कोरड्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक निर्देशांक मे महिन्यात ११,७९३ होता, डिसेंबरच्या सुरुवातीला ६६३. बँकांचा एकमेकींच्या पतपत्रांवर विश्वास उरला नाही, तेव्हा माल गोदीतच पडून राहिला. जर्मनीत डॉक्टर आणि दंतवैद्य करबचतीसाठी जहाजांच्या फंडांत पैसे घालत. त्यांचीही पुंजी अडकली.

१९०६ च्या चिदंबरम यांच्याकडे तर बँकही नव्हती. ब्रिटिश इंडियाकडे सरकारी टपालाचं कंत्राट होतं, म्हणजे प्रवासी येवोत न येवोत, ठरलेलं उत्पन्न. असं कंत्राट असलं की कर्ज आपोआप चालत येतं. स्वदेशी कंपनीला उरला एकच मार्ग, दारोदार शेअर विकणं. पालवनत्तमचे जमीनदार पांडितुरै तेवर अध्यक्ष झाले. हाजी महंमद बकीर सेठ यांनी एकट्यानं आठ हजार शेअर घेतले, म्हणजे दोन लाख रुपये. मद्रासमध्ये सुब्रह्मण्य भारती आपल्या पत्रातून शेअर घ्या म्हणून लिहीत होते.

आणि हे सगळं कधी? ज्या हिवाळ्यात मद्रासच्या मध्यमवर्गाला कळत होतं की आपले कष्टाचे पैसे लंडनमध्ये विरघळले. आर्बथनॉटमुळे स्वदेशीचे अमुक इतके शेअर खपले नाहीत, असं मी म्हणणार नाही. उलट गोऱ्या पेढीवरचा विश्वास उडाल्यामुळे काहींचे हात स्वदेशीकडे वळलेही असतील. मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी त्याच रागातून चेट्टियार सावकारांना बरोबर घेऊन इंडियन बँक उभी केली. १५ ऑगस्ट १९०७ ला तिचं काम सुरू झालं. पण तोवर चिदंबरम यांच्या बोटी पाण्यात उतरल्याही होत्या.

त्या आल्या कशा, तेही ऐका. आधी कंपनीनं भाड्याच्या बोटी चालवल्या. प्रतिस्पर्ध्यांनी दबाव आणून तो करार मोडायला लावला. मग चिदंबरम मुंबईला आले. बोट घेऊनच परतेन, नाहीतर समुद्रात जीव देईन, असं बोलून निघाले होते म्हणतात. इथं टिळकांची मदत झाली. ‘गॅलिया’ मिळाली, ‘लावो’ ही दुसरी बोट फ्रान्सहून आली. १९०७ च्या मे महिन्यात तुतिकोरिनच्या धक्क्यावर केवढी गर्दी उसळली असेल!

मग भाड्याची लढाई. ब्रिटिश इंडियानं तिकीट एक रुपयावर आणलं, स्वदेशीनं आठ आण्यांवर. मग गोऱ्या कंपनीनं फुकट न्यायची तयारी दाखवली, वर छत्री भेट! ऐकून हसू येतं, पण मोठ्या गंगाजळीचा वापर असाच होतो. तोटा दोघांनाही होत होता. एकाला तो परवडत होता, एवढाच फरक.

या गोष्टीत मला सगळ्यात बोचतो तो बिन्नीचा धागा. बिन्नी ही मद्रासमधली ब्रिटिश इंडियाची एजंट. आर्बथनॉट कोसळताच बिन्नीही डळमळली, आणि तिला विकत घेतलं ब्रिटिश इंडियाच्याच जेम्स मॅके यांनी. म्हणजे त्याच संकटात एकाला पंचवीस-पंचवीस रुपये गोळा करावे लागले आणि दुसऱ्यानं अख्खी पेढी खिशात घातली.

मार्च १९०८ मध्ये चिदंबरम यांना अटक झाली. जुलैत शिक्षा, जन्मठेप. त्याच महिन्यात टिळकांना मंडाले. चिदंबरम यांनी कोइम्बतूरच्या तुरुंगात तेलाचा घाणा ओढला. जहाजं चालवणारा माणूस गेल्यावर भागधारकांची हिंमत टिकली नाही. १९११ मध्ये कंपनी गुंडाळली गेली, बोटी विकल्या गेल्या. पुढे अपिलात शिक्षा कमी होऊन डिसेंबर १९१२ मध्ये ते सुटले, तेव्हा कंपनी उरलीच नव्हती.

मॅके यांचं पुढे काय झालं? ते लॉर्ड इंचकेप झाले. १९१९ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजींबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. भांडवल साडेचार कोटींचं ठरवलं होतं. चिदंबरम यांच्या दहा लाखांच्या पंचेचाळीसपट. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आणि वर्ष-दोन वर्षांत युद्धानंतरची मंदी आली. जहाजभाडी आणि जहाजांच्या किमती दोन्ही घसरल्या. टेबलाच्या पलीकडे पुन्हा तेच गृहस्थ. इंचकेप यांना सिंधिया विकतच हवी होती. भागीदारांनी ती विकली नाही, पण १९२३ मध्ये तडजोडीच्या करारावर सही करावी लागली. किती जहाजं बाळगायची यावर बंधन. मुदत दहा वर्षं.