अर्ज मागे घेतला

मागे कोणीतरी शनवारा दरवाज्याचा जुना फोटो टाकला होता, त्यावरून हे आठवलं. थोडं लांब झालंय, सांभाळून घ्या.

आपलं बुऱ्हाणपूर पुऱ्यापुऱ्यांचं गाव. सिंधीपुऱ्याला नावच सोळाव्या शतकात सिंधहून आलेल्या लोकांमुळे मिळालं. लोधीपुऱ्याकडे बोहऱ्यांची दर्गा-ए-हकीमी, मोमिनांचे मोहल्ले निराळे, आपली मराठी घरं निराळी. म्हणजे वेगळं राहणं काही नवं नव्हतं. पण गल्ली ओलांडली की दुसऱ्याचा मोहल्ला लागायचा आणि मागांची खटखट दोन्हीकडे ऐकू यायची. 'तुम्हाला इथे घर मिळणार नाही' हे मात्र मी बदली होऊन मुंबईला गेल्यावरच ऐकलं.

मुंबईची ही सवय जुनी. इंग्रजी अमलात किल्ल्याच्या दक्षिण भागात गोरे, उत्तर भागात पारशी-गुजराती व्यापारी, आणि तटाबाहेर 'नेटिव्ह टाउन'. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दादर-माटुंग्याला नवे प्लॉट पडले, तर तिथेही पारशी कॉलनी अन् हिंदू कॉलनी अशी नावं. सगळं साहेबाच्या माथी मारता येत नाही. १९१५ ला गावदेवीत सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था काढली, ती आपल्याच माणसांची. ओळखीच्यांनी पैसे एकत्र करणं सोपं जातं, हे बँकवाल्याला लगेच कळतं. त्यात द्वेष नसेलही.

पण आत असलेल्याला जी सोय, ती बाहेरच्याला भिंत. १९१७ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क-लंडनला शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एवढा शिकलेला माणूस!

आता माझं. १९९४ साल. दंगलीला वर्ष उलटलेलं. आमच्या उपनगरातल्या सोसायटीत मी चिटणीस. बी.कॉम. आणि वर बँकेतला, म्हणून ते माझ्याच गळ्यात. आमच्या बँकेतलाच एक सहकारी, बुऱ्हाणपूरचा, मोमिन घरातला, फ्लॅट शोधत होता. आमच्याकडचा दुसऱ्या मजल्यावरचा त्याला पसंत पडला. विकणारा राजी होता, स्टाफ लोन मंजूर होतं. म्हणाला, "भाऊ, तुम्ही आहात म्हणजे चिंता नाही."

कमिटीत कोणी आवाज चढवला नाही. "माणूस चांगलाच असेल हो, पण उद्या पायंडा पडतो," एवढंच. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. माझा फ्लॅट तिथे, मुलं तिथे खेळायची. मी काही बोललो नाही. इतिवृत्तात काय लिहायचं असा प्रश्न आला, तेव्हा वाक्य मीच सुचवलं आणि मीच लिहिलं: 'अर्जदाराने वैयक्तिक कारणास्तव अर्ज मागे घेतला.' त्याने काही मागे घेतलेलं नव्हतं. त्याला मी सांगितलं की विकणारा फिरला.

तो मुंब्र्याला गेला. दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं तिकडेच गेली. रोज लोकलला लोंबकळून यायचा, आणि मस्टरवर सही माझ्याआधी असायची.

२००५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेचा फक्त पारशांना सभासद करण्याचा पोटनियम कोर्टाने मान्य केला. पेपरात वाचून मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. म्हटलं, चला, कायदा आपल्या बाजूने. मग लक्षात आलं, त्यांच्या पोटनियमात निदान तसं लिहिलेलं तरी होतं. आमच्यात तसला एक शब्द नव्हता. अमेरिकेत तर 'काळ्यांना घर विकायचं नाही' असे करारच लिहून ठेवत. १९४८ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, असा करार कोर्ट अंमलात आणून देणार नाही. तिथे कोर्टापुढे ठेवायला कागद होता. आमच्याकडे कागदावर काय होतं, ते वर सांगितलंच.

रिटायर होऊन आम्ही दोघंही बुऱ्हाणपूरला परत आलो. हिवाळ्यात भेट होते, मावा जिलबी खातो, पेन्शनच्या गप्पा मारतो. मागच्या खेपेला तो म्हणाला, "भाऊ, तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आता केवढ्याला असेल हो?" मी आकडा सांगितला.