हाडांची साक्ष

इतिहास म्हटला की बखरी, ताम्रपट, शिलालेख आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण ज्यांना अक्षरच ठाऊक नव्हते, त्यांचा इतिहास कोणाला विचारावा? त्यांनी मारलेल्या हरणांना विचारावा, असे आम्ही म्हटले तर श्रोत्यांनी हसू नये.

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात स्टार कार नावाचे स्थळ आहे. ग्रॅहॅम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तळ्याकाठी राहिलेल्या शिकाऱ्यांच्या मागे तांबड्या हरणांची हाडे आणि शिंगे उरली होती. आपल्या सांबराप्रमाणे या जातीतही शिंगे नरालाच येतात व दरवर्षी गळतात. शिंगांवरून क्लार्क यांनी ही वस्ती हिवाळ्यातली ठरविली. १९८८ साली लेग आणि रोली-कॉन्वी यांनी हाडे व दात पुन्हा तपासून ती उन्हाळ्यातली असल्याचे प्रतिपादन केले. शिंग हत्यारांसाठी दुरून आणता येते, साठविता येते. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

मग मारलेल्यांत नर किती, माद्या किती? प्रश्न क्षुल्लक नाही. माद्या सरसकट मारल्या तर कळप खुंटतो. नर वेचून मारले तर तो टिकतो. शिकाऱ्याला उद्याची चिंता होती काय, हेच आपण विचारीत आहोत. पण तरुण नर आणि पूर्ण वाढलेली मादी यांची हाडे मापाने सारखी भरू शकतात.

येथे डीएनए मदतीला येतो. १९८९ साली एरिका हॅगेलबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या मानवी हाडांतून तो मिळवून दाखविला. दातांच्या लुकणाशी संबंधित एक जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण त्याची लांबी दोहोंवर वेगळी. चिमूटभर हाडाच्या भुकटीत दोन लांबी आढळल्या तर नर. एकच आढळली तर बहुधा मादी. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, जीर्ण हाडात वायचा तुकडा नष्ट झाला तर नरही मादी भासतो. म्हणून परीक्षा पुनःपुन्हा करावी लागते.

पण साक्षीदार जिवंत हवा! स्टार कारच्या भोवतालची पाणथळ जमीन शेतीसाठी कोरडी केली; माती आम्लधर्मी झाली आणि हजारो वर्षे टिकलेली हाडे मऊ पडली. ग्रंथ जळाला तर आपण हळहळतो. ही हाडे म्हणजेही ग्रंथच होते. वाचण्याची विद्या हाती आली, तोवर पाने विरघळू लागली होती.