लस येण्यापूर्वी

पोलिओ म्हटले की आपल्याला दोन थेंब आठवतात. नैसर्गिक पोलिओ विषाणूची लागण झालेला भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. पण साल्क यांची लस आली १९५५ साली. त्याआधी ज्या मुलांना हा रोग झाला, त्यांच्यासाठी काय करता येत होते?

आधी रोग समजून घेऊ. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांत प्रकरण तेवढ्यावरच थांबते. साधारण दोनशेपैकी एखाद्या मुलात मात्र तो मज्जारज्जूतील, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मारतो. पाय लुळा पडतो, पण बिघाड पायात नसतो, मज्जारज्जूत असतो. स्पर्श कळत राहतो, बुद्धी शाबूत राहते. मेलेली चेतापेशी परत येत नाही. परंतु वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरक्या झालेल्या काही स्नायुतंतूंचा ताबा घेतात. याला महिने लागतात. तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत आणि उरलेले स्नायू वापरात ठेवायचे, हाच उपचार. तो बाटलीतल्या औषधाने होत नाही, रोज कोणाच्या तरी हातांनी करावा लागतो.

स्वातंत्र्य चळवळीतल्या मुंबईच्या कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. किणी यांच्या उपचारांनी ती सुधारली. आपल्या मुलीला मिळाले ते इतरांच्या मुलांना कोठे मिळणार, हा प्रश्न फातिमाबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली त्यांनी मुंबईत दवाखाना सुरू केला. त्यासाठी शल्यविशारद डॉ. बालिगा यांनी चौपाटीवरची आपली जागा दिली. या कामातूनच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले.

पण रोज उपचार करणारे हात कोठून आणायचे? ते तयार करावे लागतात. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. भारतातले हे पहिले. बटण लावणे, घास घेणे, पेन्सिल धरणे या रोजच्या कामांनाच व्यायाम मानणारे हे शास्त्र आहे. फलटणची शाळा ‘कमला निंबकर बालभवन’ त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पोलिओ गेला, पण हे काम संपले नाही. मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा होऊन हातापायांत ताठरपणा येतो, त्या मेंदूच्या पक्षाघातावर लस नाही. तिथेही लवकर ओळखणे आणि रोजचा सराव, हाच मार्ग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आहे. ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही या कायद्याने दिला आहे.

मोठे रुग्णालय पैठणच्या एखाद्या वाडीपासून फार दूर असते. शाळा जवळ असते. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड करणे, लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट देणे, उत्तर द्यायला मिनिटभर जास्त थांबणे, एवढे वर्गातच जमते. मूल बोलताना अडखळते म्हणून त्याला समजत नाही, असे मात्र धरून चालू नये.