काळोखातला पाहुणा

प्रकाशचित्रणाची कला प्रकाशावर जगते, हे सांगण्यास कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही. तिच्या नावातच ते आले आहे. ज्या जागी दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात, माणसे खांद्याला खांदा लावून दाटीने उभी असतात आणि क्षणभरही कोणी स्थिर राहत नाही, अशा जागी या कलेने पाऊल ठेवावे, हा वरवर पाहता वेडेपणाच होय. तरीसुद्धा गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत काही थोड्या माणसांनी गुत्ते, नृत्यगृहे, जाझचे अड्डे आणि नाइट-क्लब यांच्या काळोखात शिरून जी चित्रे टिपली, ती आज त्या त्या शहराच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे ठरली आहेत.

हा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भिंगे मोठी झाली, फिल्म अधिक संवेदनक्षम झाली, दिवे सुटसुटीत झाले, आणि काळोख हरला, अशी ती कथा असते. आमच्या मते ही अर्धीच कथा आहे. काळोखात कॅमेरा घेऊन जाणाऱ्यापुढे नेहमीच दोन प्रश्न उभे राहिले. प्रकाश कोठून आणावयाचा, हा पहिला. आणि कोणाच्या परवानगीने आणावयाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रसायन आणि काच यांनी दिले. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याला द्यावे लागले, आणि चित्र कसे उतरले हे पुष्कळदा त्यावरच ठरले. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना हा दुसरा प्रश्न अगदीच अपरिचित नसावा. अनोळखी माणसांच्या दारात सरकारी कंदील घेऊन उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी अनेकांवर आलेला असेल.

१८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण करून एक भुकटी सिद्ध केली. पेटताच ती क्षणार्धात भडकून जाई आणि तेवढ्या क्षणात खोली दिवसासारखी उजळून निघे. या शोधाची चार ओळींची बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या वार्ताहराच्या वाचनात आली. रीस मूळचा डेन्मार्कचा. मलबरी स्ट्रीटवरील पोलीस कचेरीच्या बातम्या देणे हा त्याचा व्यवसाय. गरिबांच्या चाळींतील हाल तो शब्दांनी सांगून थकला होता. आता ते दाखविता येतील, असे त्याला वाटले.

मग मध्यरात्री काही हौशी प्रकाशचित्रकार, आरोग्यखात्याचा एक अधिकारी आणि कधी कधी एखादा पोलीस अशी मंडळी घेऊन तो निघे. शिळी बिअर विकणारे गुत्ते, पाच सेंटांत रात्रभर पडावयास जागा देणाऱ्या खोल्या, अशा ठिकाणी ते एकाएकी शिरत. भुकटीची काडतुसे प्रथम पिस्तुलातून उडविली जात. पिस्तूल रोखलेले पाहून झोपेतली माणसे भयभीत होत, म्हणून पुढे रीसने भुकटी तव्यावर पेटविण्यास सुरुवात केली. या खटाटोपात त्याच्या हातून दोनदा घराला आग लागली आणि एकदा त्याच्या स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला.

१८९० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. थिओडोर रूझवेल्ट हा पोलीस आयुक्त असताना १८९६ साली न्यूयॉर्कमधील पोलीस ठाण्यांतील गलिच्छ आश्रयस्थाने बंद झाली, त्यामागेही रीसचे प्रयत्न होते. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती चित्रे आज पुढे ठेवली तर एक गोष्ट लपत नाही. डोळे दिपलेले, तोंडे अर्धवट उघडी, हात आडवा धरलेला. ते चित्रण म्हणजे पंचनामा आहे. पंचनाम्याची समाजाला गरज असते, हे आम्हाला मान्य आहे. पण पंचनाम्यात माणूस सापडतो, भेटत नाही.

त्याच भुकटीचा दुसरा उपयोग सुमारे पंचेचाळीस वर्षांनी पॅरिसमध्ये झाला. १८९९ साली ट्रान्सिल्व्हानियातील ब्राशो गावी जन्मलेला ज्यूला हालाश हा १९२४ साली पॅरिसला आला आणि आपल्या गावाच्या नावावरून त्याने ब्रासाई हे नाव घेतले. रात्री भटकण्याचे त्याला वेड होते. लहानसा फॉइक्टलेंडर कॅमेरा, लाकडी तिवई आणि मोजक्या काचा एवढ्या सामानावर तो निघे. रस्त्यावरची धुक्यातली चित्रे घेताना तो घड्याळाऐवजी सिगारेट वापरी: उजेड बरा असेल तर गोलवाझ संपेपर्यंत भिंग उघडे, काळोख दाट असेल तर जाडजूड बोयार संपेपर्यंत. १९३२च्या अखेरीस ‘पारी द न्वी’ म्हणजे ‘रात्रीचे पॅरिस’ हे त्याचे पुस्तक निघाले आणि त्याचे नाव झाले.

नृत्यगृहांत मात्र सिगारेटचा हिशेब चालण्यासारखा नव्हता. नाचणारी जोडपी सिगारेट संपेपर्यंत थांबत नाहीत. तेथे त्याला भुकटीच पेटवावी लागे. तिच्या स्फोटांवरून पिकासोने त्याला थट्टेने ‘दहशतवादी’ म्हटले होते. भडक्यानंतर खोलीत धूर कोंडे. एकामागून एक चित्रे घेण्याची सोय नव्हती. म्हणून चित्र आधी मनात पुरे करून मगच भुकटीला हात घालावा लागे. ब्रासाई त्या अड्ड्यांवर बसे, तेथल्या माणसांशी ओळखी करून घेई आणि आपण काय करणार हे त्यांना कळू देई. भिंतीवरच्या मोठ्या आरशांचा त्याने फार कुशलतेने उपयोग केला आहे. समोरच्या जोडप्याच्या पाठीमागे आरशात दुसरे टेबल, दुसरी माणसे दिसतात, आणि एका चौकटीत खोलीच्या दोन्ही बाजू येतात. दाटीच्या जागेत मागे सरकावयास वाव नसतो. ती उणीव आरशाने भरून काढली.

रीसबरोबर पोलीस असत. ब्रासाई पोलिसांशिवाय गेला. एका टोळीतील गुंडांनी चित्रासाठी पैसे घेतले आणि वर त्याचे पाकीटही मारले. त्याने तक्रार केली नाही. त्या रात्रींच्या सर्वांत धीट चित्रांना प्रसिद्धीसाठी १९७६ सालची वाट पाहावी लागली. ‘तिशीतले गुप्त पॅरिस’ या अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक त्या वर्षी निघाले. टिपणे आणि छापणे यांत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर पडले. काही चित्रांना काळाचीही परवानगी लागते.

दरम्यान काचेनेही मजल मारली होती. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या भिंगाचा झरोका एफ/२ इतका मोठा होता. एफ/४·५ च्या भिंगाशी तुलना केली तर हे भिंग सुमारे पाचपट प्रकाश आत घेते; म्हणजे जेथे एक सेकंद लागत असे तेथे पंचमांश सेकंद पुरे. बर्लिनच्या एरिक सालोमोनने हा कॅमेरा टोपीत लपवून १९२८ साली एका खुनाच्या खटल्याची चित्रे घेतली आणि पुढे मंत्र्यांच्या रात्रीच्या परिषदांतही तो शिरला. भडका नाही, धूर नाही, कोणाला पत्ता नाही. सालोमोनचा अंत १९४४ साली आउश्विट्झच्या छळछावणीत झाला, हे येथे नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याने दिलेला धडा दुधारी होता. प्रकाश न आणता पाहता येऊ लागले की परवानगी न घेताही पाहता येऊ लागते.

१९२९ साली जर्मनीत काचेच्या बंद दिव्यातील झोत निघाला. धूर आणि आगीची भीती गेली. १९३०-४० च्या दशकात वर्तमानपत्रांचे चित्रकार हे दिवे खिशात भरून हिंडू लागले. पण प्रकाशाचा एक नियम कोणालाही चुकत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झाले की नवमांश. कॅमेऱ्यावर बसविलेला झोत म्हणूनच पहिल्या रांगेला चुना फासतो आणि तिसऱ्या रांगेला काळोखात लोटतो. परप्रांतातील आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवांची जुनी चित्रे ज्यांच्या संग्रही असतील त्यांनी ती काढून पाहावीत: पुढच्या खुर्च्यांवरील मान्यवर पांढरेफटक, आणि मागची सारी सभा गडप.

या नियमावर न्यूयॉर्कच्या हर्मन लेनर्डने साधी तोड काढली. १९२३ साली जन्मलेल्या लेनर्डने ओटावात यूसुफ कार्श याच्या हाताखाली उमेदवारी केली होती आणि १९४८ साली ग्रेनिच व्हिलेजमध्ये त्याने स्वतःची चित्रशाळा उघडली. जाझचे त्याला वेड, पण क्लबात रोज पैसे भरून जाण्याची ऐपत नाही. त्याने मालकांशी करार केला: मला आत येऊ द्या, चित्रे तुमच्या दारावर लावा. या परवानगीमुळे त्याला वेळ मिळाला, आणि वेळ मिळाल्यामुळे आपले दोन विजेचे झोत तो क्लबच्या मूळ दिव्यांजवळच बांधून ठेवू शकला. प्रकाश वाढला, पण त्याची दिशा तीच राहिली. खोलीची तोंडवळ बदलली नाही. ‘रॉयल रूस्ट’ मध्ये १९४८ साली घेतलेले डेक्स्टर गॉर्डनचे चित्र पाहावे. सॅक्सोफोन मांडीवर, हातात सिगारेट, आणि वर चढत गेलेला धुराचा पांढरा लोट. धुरावर समोरून प्रकाश टाकला तर तो चित्रावर राखी पडदा ओढतो. मागून टाकला तर तोच धूर काळ्या पार्श्वभूमीवर उजळून उठतो. जे विघ्न होते त्याचेच त्याने भूषण केले.

हार्लेमचा रॉय डिकराव्हा याने तर हाही मार्ग नाकारला. त्याच काळात तो जाझवादकांची चित्रे घेत होता, पण स्वतःचा एकही दिवा त्याने कधी नेला नाही. जो उजेड त्या खोलीत आहे तेवढाच आपला, हा त्याचा नेम. १९५४ पासून ट्राय-एक्स नावाची जलद फिल्म लहान कॅमेऱ्यांसाठी मिळू लागल्यावर असे काम इतरांनाही सुकर झाले. त्याची चित्रे प्रथमदर्शनी काळी वाटतात. थोडा वेळ नजर ठरू दिली की काळ्यातून करडे, करड्यातून चेहरा उमलतो; वाजविणाऱ्याचा हात हललेला असतो आणि तो हललेलाच राहू दिलेला असतो. काळोख हा त्या माणसांच्या आयुष्याचा भाग होता. तो पुसून टाकणे म्हणजे त्यांना त्यांच्या घरातून बाहेर काढणे, असेच जणू ती चित्रे सांगतात.

एवढ्यावरून झोत हाच अपराधी, असा निष्कर्ष कोणी काढील. तो काढण्यापूर्वी पश्चिम आफ्रिकेतील माली देशाकडे वळले पाहिजे. १९६० साली हा देश फ्रेंच सत्तेतून मुक्त झाला आणि राजधानी बामाको येथील तरुण मुलामुलींनी आपापले क्लब काढले. शनिवारची रात्र आली की रेकॉर्डवर परदेशी नृत्यसंगीत लागे. या मेळाव्यांत मालिक सिदिबे या चित्रकाराला रीतसर बोलावणे असे. एका रात्रीत तीन-चार ठिकाणी तो हजेरी लावी. त्याच्या हातात लहान कॅमेरा आणि उघड उघड झोत होता. तो गर्दीत मिसळून जवळ जाई, प्रसंगी खाली वाके, म्हणजे नाचणाऱ्यांची पावलेही चौकटीत येत. मग परतून पहाटेपर्यंत फिल्म धुवावयाची, चित्रांच्या लहान लहान प्रती क्रमांक घालून पुठ्ठ्यावर चिकटवावयाच्या आणि चित्रशाळेपाशी मांडून ठेवावयाच्या. तरुण मंडळी येऊन आपापला चेहरा शोधीत आणि पैसे देऊन प्रत नेत.

त्याचे १९६३ सालचे नाताळच्या रात्रीचे चित्र जगप्रसिद्ध आहे. मुलगा सुटाबुटात, मुलगी अनवाणी. दोघांची मस्तके जवळजवळ टेकलेली, नजरा पावलांकडे. झोत त्यांच्यावर सरळ पडला आहे, पण दोघांपैकी एकाचेही डोळे दिपलेले नाहीत. रीसच्या तव्यावरचा भडका आणि सिदिबेचा झोत यांत रसायनाचे किंवा विजेचे अंतर कितीही असो, खरे अंतर दाराशी पडले होते. एक न बोलावता आला होता. दुसरा आला नसता तर मेळावा अपुरा वाटला असता. २००७ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात सिदिबेला आजीवन कार्यासाठी सुवर्णसिंह मिळाला. हा मान मिळविणारा तो पहिला आफ्रिकी कलावंत. पण त्याचा पहिला गौरव बामाकोच्या त्या पोरांनी पुठ्ठ्यावरच्या प्रती विकत घेऊन कधीच केला होता.

आज पहिला प्रश्न जवळजवळ सुटला आहे. खिशातला फोनदेखील आता रात्रीच्या रस्त्याचे चित्र हातात धरून घेतो. सिगारेट पेटविण्याचे कारण उरलेले नाही. आणि नेमक्या याच वेळी दुसऱ्या प्रश्नाने डोके वर काढले आहे. बर्लिनमध्ये २००४ साली सुरू झालेला बेर्गहाइन हा क्लब आत चित्रे घेऊ देत नाही. दाराशीच फोनच्या भिंगावर चिकटपट्टी लावली जाते. या दारावर अनेक वर्षे उभा राहिलेला स्व्हेन मार्क्वार्ट हा स्वतः नामांकित प्रकाशचित्रकार आहे. प्रकाशाची किंमत ज्याला ठाऊक, त्यानेच काळोखाची राखण करावी, यात आम्हाला विसंगती दिसत नाही.

ज्यांना अशा जागी चित्र घेण्याची हौस असेल त्यांनी ब्रासाईकडून धीर शिकावा, लेनर्डकडून दिव्याची दिशा आणि डिकराव्हाकडून संयम. पण सिदिबेकडून शिकण्याची गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. यजमान आपणहून दार उघडील, इतके दिवस त्या गल्लीत राहावे लागते. बदलीच्या गावी नवे बिऱ्हाड मांडणाऱ्या माणसाला हे निराळे सांगावयास नको.